सत्यशीलाबाई आणि टाकीचं दुखणं

हिवरतळच्या कचरा प्रकल्पावर बाहेरगावचा साहेब आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "इथलं टेक्निकल कोण बघतं?" मग सगळे एका बाईकडं हात करतात. साहेब त्या बाईच्या मागं कुणी उभं आहे का ते वाकून बघतो. मागं कुणी नसतं. पायात गमबूट, साडीवर तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, कपाळावर हिरवं गोंदण आणि हातात डोक्याच्या वर जाणारा बांबू, अशी सत्यशीलाबाई समोर उभी असते आणि उलट साहेबालाच विचारते, "बोला, काय बगायचंय?"

साहेबाला याची गंमत वाटते. हिवरतळात आता कुणाला वाटत नाही, कारण भाद्रपदात जे घडलं ते सगळ्या गावानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हिवरतळ म्हणजे सिरसाळ्याच्या पलीकडं, बाराएक हजार वस्तीचं गाव. नगरपंचायत झाली म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. दसरा झाला की यातलं निम्मं गाव ट्रकांत बसून ऊस तोडायला जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. सत्यशीलाबाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली आणि त्याच साली ट्रकमध्ये बसली. नवरा-बायकोच्या जोडीला फडात एक कोयता म्हणतात. तो कोयता तिनं आणि बजरंगनं अठ्ठावीस हंगाम चालवला. बजरंग गेल्यावर मुलगा तानाजीला जोडीला घेऊन तिनं आणखी आठ हंगाम काढले. छत्तीस वर्षांत तिनं गावातली एकही संक्रांत पाहिली नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिनं गर्भपिशवी काढून घेतली. पोटात दुखत होतं, आणि फडात दुखणं काढायला कुणाला सवड नसते. पुढं कधीतरी तिला कळलं की ते दुखणं गोळ्यांनीही बरं झालं असतं. ती हे अगदी साध्या आवाजात सांगते, आणि ऐकणाऱ्यालाच खाली बघावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी तानाजीचं लग्न झालं. सून दीपमाला बारावी झालेली, अंगानं काटक, बोलायला स्पष्ट. गेल्या हंगामात तिला तिसरा महिना चालू असताना ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होती. फळीवरच तिच्या पोटात कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पाचटाच्या ढिगावर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन सत्यशीलाबाई बसली होती. ही पोरगी परत या फळीवर चढणार नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं. ठरवणं सोपं होतं. गावात दुसरं काम मात्र नव्हतं.

ते काम कचऱ्यानं दिलं. तोवर गावचा सगळा कचरा नाल्याकाठी पडायचा, आणि तिथून जाताना लोक नाकाला रुमाल लावून ठेकेदाराला शिव्या द्यायचे. चैत्रात नगरपंचायतीनं नाल्याच्या वरच्या अंगाला प्रकल्प उभा केला. प्रकल्प म्हणजे कचरा दळायचं एक यंत्र, चाळीस हजार लिटरची एक बंद टाकी, रबराचा एक भला मोठा फुगा आणि एक इंजिन. घरोघरचा ओला कचरा दळून टाकीत जातो. तिथं तो कुजून त्याचा गॅस होतो, गॅस फुग्यात साठतो, गॅसवर इंजिन चालतं आणि इंजिनावर वीज. त्या विजेवर नव्या वस्तीतले दिवे लागतात, पाण्याची मोटर चालते, आणि ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांची मुलं हंगामभर जिथं राहतात त्या वसतिगृहातले पंखेही फिरतात. कचरा निवडायला आणि टाकी सांभाळायला अकरा बायका घेतल्या. त्यात सत्यशीलाबाई आणि दीपमाला होत्या. तानाजी घंटागाडी चालवायला लागला.

यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सुग्रीव हा अंबाजोगाईचा पोरगा. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यावर चित्र काढून जिवाणू, तापमान, आम्लता असं अर्धा तास समजावलं. मग विचारलं, "कळलं का?" तेव्हा सत्यशीलाबाई म्हणाली, "म्हंजी ही म्हसच हाय की. खानार, आतल्या आत कुजवनार, वारा सोडनार, शेण टाकनार. फकस्त दुधाच्या जागी इज देती."

सुग्रीव आधी हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "काकू, हे कळायला मला चार वर्षं कॉलेजात घालवावी लागली."

तेव्हापासून टाकीचं नाव म्हस पडलं, आणि सत्यशीलाबाईनं तिला म्हशीसारखंच सांभाळलं. सकाळी आल्या आल्या ती पाइपाला कान लावून आत बुडबुडे येतात का ऐकायची. बाहेर पडणारा काला, म्हणजे आत कुजून पातळ झालेला कचरा, ओंजळीत घेऊन वास घ्यायची. चाचणीसाठी एक छोटी शेगडी होती, तिच्यावर ज्योत निळी आहे की नाही ते बघायची. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं एकदा लोणच्याचा अख्खा डबा कचऱ्यात दडवून पाठवला, तर ही बाई तो डबा घेऊन भर गिऱ्हाइकांत त्याच्या गल्ल्यावर ठेवून आली. "तुज्या म्हशीला चारशील का ह्ये?" एवढंच विचारलं. नंतर हॉटेलमधून लिंबाची साल यायची तीसुद्धा वेगळ्या पिशवीत.

सुग्रीवनं भिंतीवर लाल रंगात एकच नियम लिहून ठेवला होता. रोज वीस डबे. विसाचे बावीस झालेले सत्यशीलाबाईनं सहा महिन्यांत चालू दिले नाहीत.

प्रकल्प मात्र अजून परीक्षेवर होता. नगराध्यक्ष भगवानराव हे शंभर एकरांचे धनी, बोलायला मऊ, पण शब्दाला पक्के. त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "दसऱ्याच्या आधी वरून पथक येनार. त्यांच्यासमोर इंजिन सलग तीन तास चाललं तर ह्ये कायम. न्हाई चाललं तर टाकीला कुलूप, आन कचरा पयल्यासारखा ठेकेदाराकडं." कुलूप लागलं तर अकराच्या अकरा बायका ट्रकमध्ये बसणार, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. आणि श्रावणात दीपमालाला पुन्हा दिवस गेले. ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

आता सप्ताहाचं सांगायला हवं. हिवरतळचा सप्ताह भाद्रपदात असतो. सात दिवस कीर्तन, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आजूबाजूची तीस-चाळीस खेडी त्या दिवशी जेवायला येतात. घराघरातून पोळ्या येतात, शेतात चर खणून कढयांत आमटी शिजते, बुंदीचे ढीग लागतात. सप्ताहाचा कारभारी आसाराम. हा एरवी तीस कोयत्यांचा मुकादम, पण त्या आठ दिवसांत कपाळाला बुक्का लावून असा काही फिरतो की याच्याच तोंडातून कार्तिकात शिव्या निघतात हे सांगूनही पटू नये.

यंदा काल्याच्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. ओढे भरले आणि खेड्यांतली माणसं आलीच नाहीत. दुपारी दोन वाजता मंडपात गाव जेवून उठलं होतं आणि दोन ट्रॉल्या भरतील एवढं अन्न उरलं होतं. प्रसाद शिळा ठेवायचा नाही, उकिरड्यावर तर त्याहून टाकायचा नाही. पूर्वी असं झालं तर खड्डा करून पुरायचे, पण मग कुत्री उकरायची आणि वर्षभर गावाच्या मनाला लागून राहायचं. आसारामला एकदम सुचलं. ट्रॉल्या जोडून, पुढं टाळ-मृदंग लावून तो प्रकल्पाच्या फाटकात हजर झाला.

"सत्यशीलाबाई, देवाचं अन्न हाय," तो हात जोडून म्हणाला. "मातीत घालन्यापरीस तुमच्या टाकीत गेलं तर त्याचा उजेड व्हईल. पोरं त्या उजेडात अभ्यास करतील. याच्याहून चांगली गती कुठली?"

मागं उभ्या बायकांचे डोळे भरून आले. दीपमालानं सासूच्या कानाशी लागून म्हटलं, "आत्याबाई, वीस डबे. भिंतीवर लिवलंय."

"म्हाईत हाय मला."

तिला खरोखरच माहीत होतं. पण त्या पोळ्यांपैकी दोनशे तिनं स्वतः लाटल्या होत्या. दारात आलेला प्रसाद, तोही टाळ वाजवत, परत कसा धाडायचा? शिवाय उद्यावर ठेवला तर शिळा होणार. हिवरतळातल्या कुठल्याही बाईनं त्या वेळी तिनं केलं तेच केलं असतं. तिनं गमबूट काढले, हातपाय धुतले, टाकीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि यंत्र सुरू केलं. संध्याकाळी पाचपर्यंत एकशे तीस डबे बुंदी, आमटी आणि पोळी म्हशीच्या पोटात गेली. शेवटच्या डब्याला लोकांनी जयघोष केला.

दुसऱ्या दिवशी फुगा असा टम्म फुगला की लोक बघायला आले. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईनं शेगडी पेटवली, तर ज्योत पिवळी आली, दोनदा थरथरली आणि विझली. पुन्हा काडी लावली, पेटलीच नाही. फुगा गच्च भरलेला आणि त्यातला गॅस जळत नाही. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तिनं बाहेरचा काला ओंजळीत घेतला. आठ दिवस विसरून राहिलेल्या ताकासारखा आंबूस वास आला, आणि तिनं लगेच सुग्रीवला फोन लावला.

सुग्रीव अंबाजोगाईहून मोटरसायकलवर तासाभरात आला. त्यानं आम्लता बघायचा कागद काल्यात बुडवला. कागद हिरवा व्हायला हवा होता, तो नारिंगी झाला. तोवर नगराध्यक्ष, आसाराम, सप्ताह कमिटी, सगळे जमले होते.

"टाकी आंबली," सुग्रीव म्हणाला. "आतले गॅस करणारे जिवाणू मेल्यात जमा आहेत. एवढं गोड एका दमात कोणी घातलं?"

कमिटीतले लोक आपापल्या चपलांकडं बघायला लागले. आसारामला नेमका त्याच वेळी मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मग सत्यशीलाबाई पुढं झाली.

"मी घातलं. कुनी जबरदस्ती केली न्हाई. नियम मला ठावका व्हता, सुनेनं आठवनबी केली व्हती. चूक माजी हाय."

सुग्रीवनं नारिंगी कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला की आता टाकी उपसून रिकामी करायची, पुन्हा शेणानं भरायची आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. पथक यायला अकरा दिवस होते.

भगवानराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "बाई, तुमचा भाव चांगला व्हता. पर पथकाला भाव दाखवता येत न्हाई. परवा पंप लावून टाकी नाल्यात खाली करू, वास तरी जाईल." फाटकाबाहेर आसाराम तानाजीला गाठून विचारत होता, "मंग तुमची जोडी धरू का बे औंदा?" तानाजी घंटागाडीकडं चालू लागला. दीपमाला ऐकत होती.

त्या दुपारी सत्यशीलाबाई टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बजरंग गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. आपल्या हातानं, हळदकुंकू वाहून, आपण सुनेला त्या फळीवर चढवतोय, हे तिला सहन होत नव्हतं. दीपमाला भाकरी घेऊन आली. सासूला तिनं कधी असं पाहिलं नव्हतं. ती जवळ बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आत्याबाई, तुमी हिला म्हस म्हंता ना? मग म्हस असं गिळून पडली तर तुमी काय करता? पोट फाडून रिकामं करता का?"

सत्यशीलाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

तिला पाखऱ्या आठवला. तिचा आणि बजरंगचा गाडीचा बैल. एका हंगामात त्यानं दावं तोडून खोपीतलं ज्वारीचं अर्धं पोतं खाल्लं होतं. पोट नगाऱ्यासारखं झालं, रवंथ बंद, मान टाकलेली. सगळ्यांनी आशा सोडली होती. फडातल्या एका म्हाताऱ्यानं त्याचं दाणा-वैरण बंद केलं, सोडा पाजला, दर तासाला चालवला, आणि शेवटी दुसऱ्या धडधाकट बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास बोटांनी काढून पाखऱ्याच्या जिभेवर ठेवला. "याच्या पोटातलं पचवनारं मेलंय," म्हातारा म्हणाला होता, "त्याच्या पोटातलं उसनं घ्यायचं." तीन दिवसांनी पाखऱ्या उभा राहिला आणि पुढं पाच हंगाम गाडी ओढली.

तिनं तिथूनच सुग्रीवला फोन लावला आणि हे जसंच्या तसं सांगितलं.

"काकू," तो म्हणाला, "पुस्तकात हेच लिहिलंय. पण त्याला खूप काला लागेल, वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोबरगॅसचा. असा गोबरगॅस आता कोणाकडं आहे?"

हिवरतळात तसा एकच होता. भगवानरावांच्या मळ्यात, त्यांची आई सुंदरबाई हिच्या गोठ्यामागं. बावीस वर्षं एक दिवस बंद न पडलेला. सुंदरबाई ऐंशीच्या घरातली, रोज काकडआरतीला उठणारी, आणि सोवळ्याच्या बाबतीत मुलाचंसुद्धा न ऐकणारी. सत्यशीलाबाईनं मागणं सांगताच तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"माज्या गाईंचं शेण त्या उकिरड्याच्या टाकीत? का म्हून देऊ मी? दुसरं काय बी माग."

"आई, आत उकिरडा न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाली. "आत प्रसाद हाय. तुमच्या घरची बुंदीबी त्यातच हाय. टाकीला त्यो पचना. आन परवा साहेब पंप लावून समदं नाल्यात सोडनार हायेत."

सुंदरबाईच्या हातातली माळ थांबली.

"नाल्यात? काल्याचा प्रसाद?"

"व्हय. डुकरं लोळत्यात त्या नाल्यात."

"कोन सोडतंय?"

"भगवानराव."

पुढच्या पाच मिनिटांत सुंदरबाईनं नगराध्यक्षांना फोनवर काय ऐकवलं ते गोठ्यातल्या गड्यांनी ऐकलं, आणि ते अजून हसू दाबत सांगतात. पंप आलाच नाही. संध्याकाळी सुंदरबाईनं स्वतः काठी टेकत गोबरगॅसचं झाकण उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आसाराम आणि त्याची भजनी मंडळी बादल्या घेऊन मळ्यात रांगेनं उभी राहिली. प्रसाद नाल्यात जाऊ द्यायचा नाही, एवढंच सांगितल्यावर त्यांना बाकी काही सांगावं लागलं नाही. पाण्याच्या टँकरमधून रोज दोन हजार लिटर काला यायचा आणि टाकीत जायचा. सुग्रीवनं सोड्याची आणि चुन्याची पोती आणली, किती घालायचं ते तो मोजून द्यायचा.

सत्यशीलाबाईनं टाकीचं खाणं पूर्ण बंद केलं. सहा दिवस एक डबा नाही. तानाजी घंटागाडीच्या भोंग्यावरून ओरडत फिरायचा, "आपली टाकी आजारी हाय, सालंटरफलं आपापल्या जनावरांना घाला!" गावानं हे हसत हसत केलं, पण केलं. अकरा बायका आळीपाळीनं टाकीच्या तोंडातून बांबू घालून ढवळत होत्या. दीपमालाला तिनं ढवळू दिलं नाही, तिच्याकडं फक्त कागद बुडवून रंग लिहायचं काम दिलं. नारिंगी, नारिंगी, पुन्हा नारिंगी. पाचव्या दिवशी पिवळा. सातव्या दिवशी पिवळ्यात कुठं तरी हिरवट छटा दिसली, आणि सुग्रीव म्हणाला की त्याच्या डोळ्यांना दिसतेय की मनाला ते त्याला सांगता येत नाही.

सातव्या दिवशी तिनं दोन डबे घातले. आसाराम अस्वस्थ झाला. "अवो, चार दिस ऱ्हायले. धा डबे घाला की, गॅस कदी व्हायचा?"

"आजाऱ्याला भूक लागली म्हून ताट वाढत न्हाईत, आसारामभाऊ. पेज देत्यात." ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली. आठव्या दिवशी चार, नवव्या दिवशी सहा. नवव्या दिवशी दुपारी शेगडीला काडी लावली आणि ज्योत धरली. करंगळीएवढीच, पण निळी. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सत्यशीलाबाईनं शेगडी लगेच बंद केली. "पुरे. गॅस उधळू नका."

फुगा पूर्ण भरणार नव्हता, हे तिला दिसत होतं. तिनं नव्या वस्तीत घरोघर जाऊन आणखी दोन दिवस वीज बंद ठेवायची परवानगी मागितली, आणि कुणीही नाही म्हटलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी पथक आलं. तीन साहेब, त्यातल्या मोठ्या साहेब म्हणजे एक बाई, डोळ्यांवर चष्मा, हातात कागदांची फाईल. सुग्रीवनं इंजिनाची कळ दीपमालाच्या हातात दिली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा लागलं. मोटरीतून पाणी पडायला लागलं. पहिला तास गेला, दुसरा गेला. फुगा हळूहळू बसत चालला होता. अडीच तासांनी त्याला सुरकुत्या पडल्या, तसा भगवानरावांनी रुमाल काढून मान पुसली. सत्यशीलाबाई मात्र फुग्याकडं बघत नव्हती. ती डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होती. तीन तास झाले. इंजिन त्यावर आणखी बारा मिनिटं चाललं आणि मग आपणहून थांबलं.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघून लिहिलं. मग विचारलं, "बाकी ठीक आहे. पण फुगा सुरुवातीलाच पाऊणच का भरलेला होता?"

भगवानराव काहीतरी पावसाचं सांगायला लागले. सत्यशीलाबाईनं त्यांना थांबवलं आणि सप्ताहापासून सगळं सांगितलं. बुंदी, हळदकुंकू, एकशे तीस डबे, पाखऱ्या, सगळं. आपली चूक तिनं आधी सांगितली. भगवानरावांचा चेहरा उतरला. सुग्रीव डोळे मिटून उभा राहिला.

"मग पुढच्या वर्षी प्रसाद आला तर?" बाईंनी विचारलं.

दीपमालानं भिंतीकडं हात केला. लाल रंगातल्या नियमाखाली तिनं आदल्या दिवशीच खडूनं एक ओळ लिहिली होती. 'देवाचा असला तरी वीसच.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या हसत होत्या. "मी बारा प्रकल्प बघितले," त्या सुग्रीवला म्हणाल्या. "सात बंद पडले होते. आजारी पडून बरा झालेला हा पहिलाच." आणि त्यांनी तिथंच, इंजिनाच्या झाकणावर फाईल ठेवून सही केली.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी ट्रक निघाले. प्रकल्पात अकराच बायकांना काम होतं, गाव तर मोठं होतं. सकाळी आठ वाजता स्टँडवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसं सगळं वर चढत होतं. बायका आपली पोरं वसतिगृहाच्या बाईंच्या हातात देत होत्या आणि मागं वळून बघायचं टाळत होत्या. सत्यशीलाबाई आणि दीपमाला कामावर जाता जाता तिथं थांबल्या. आसाराम यादी वाचत होता. त्यानं दीपमालाकडं पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

एका ट्रकच्या कठड्यावरून शेजारची मोहिनी ओरडली, "काकू, माजी दोगं हायेत वसतिगृहात. दिवा जाऊ देऊ नका!"

"न्हाई जाऊ देत!" सत्यशीलाबाई खालून ओरडली. "तू फळीवर संबाळून चड!"

ट्रक हलले. छत्तीस वर्षं या वेळी तिनं ट्रकमध्ये बसून गाव लहान लहान होत गेलेलं पाहिलं होतं. आज ती गावात उभी होती आणि ट्रक लहान होत चालले होते. ते वळणाआड जाईपर्यंत ती हलली नाही. तिनं दीपमालाचा हात किती घट्ट धरलाय हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. दीपमालानं तो सोडवून घेतला नाही.